आजोबांचा आवाज कुणाचा?

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडच्या एका वाचनालयाने दिवाळी अंकासाठी विज्ञानकथा स्पर्धा घेतली. तीन परीक्षकांत मी एक होतो. तीसेक कथा आल्या. त्यातल्या दोन कथांची कल्पना एकच निघाली: वारलेल्या आजोबांचा आवाज आणि आठवणी एका यंत्रात साठवून ठेवल्या आहेत, आणि मुंबईहून आलेला नातू त्या यंत्राला विचारतो, ‘आपला गडगा नेमका कुठपर्यंत?’ (गडगा म्हणजे जमिनीच्या हद्दीचा दगडी बांध.)

एक कथा देवरुखकडच्या एका शिक्षिकेची. त्यांचं नाव दिवाळी अंकांत अधूनमधून दिसतं. दुसरी गुहागरच्या किनाऱ्यावर बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या एका तरुणाची, आयुष्यातली पहिलीच. निकाल लागायच्या आधीच व्हॉट्सअॅपवर ‘चोरी’ हा शब्द फिरला. मग वाचनालयाच्या पडवीत सगळ्यांना बोलावलं गेलं.

बाहेर पाऊस धो धो पडत होता. त्या मुलाने प्लॅस्टिकच्या पिशवीतून शंभर पानी वही काढली. कव्हरला डिझेलचे डाग, पानं दमट हवेने फुगलेली. पहिल्या पानावर त्याने तारीख घातली होती, पण शाई पसरून फक्त ‘ऑगस्ट’ एवढंच वाचता येत होतं. साल गेलं होतं. शिक्षिकेने मोबाइलवर मैत्रिणीला पाठवलेला मेसेज दाखवला, त्यावर तारीख स्वच्छ होती.

“बाई, तुमची गोष्ट मी वाचली पण नाय,” तो म्हणाला.

“मग इतकं सारखं कसं, सांगा ना तुम्हीच,” बाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, दुखावल्या होत्या.

त्याच्याकडे उत्तर नव्हतं. त्याने वही पुन्हा पिशवीत घातली आणि कथा मागे घेतली. मी तिथे बसलो होतो आणि काही बोललो नाही. आज बोलतो आहे.

माझं म्हणणं असं की, दोन कथांची कल्पना सारखी निघणं हा चोरीचा पुरावा नव्हे, आणि आधी कोणाला सुचलं यावरून कथा कोणाची हे ठरवणं चूक आहे. विज्ञानकथेत तर हे दुप्पट खरं. चोरी असते ती घेतलेलं लपवण्यात. आपण मात्र सारखेपणा दिसला की आरोप करून मोकळे होतो, आणि खरी लपवालपवी समोर असली तरी गप्प बसतो.

त्या पडवीत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर अवघड नव्हतं. इतकं सारखं कसं? रत्नागिरी जिल्ह्यात गडग्याचा वाद नसलेलं घर शोधावं लागेल. ‘ते आजोबांनाच ठाऊक होतं’ हे वाक्य प्रत्येक मोजणीच्या वेळी कुणीतरी बोलतंच. सातबाऱ्यावर चुलत्यांची, आत्यांची, त्यांच्या मुलांची नावं चढत जातात आणि हद्दीची खूण असलेला आंबा एखाद्या वादळात पडतो. दुसऱ्या बाजूने, माणसाचा आवाज हुबेहूब काढणारी सॉफ्टवेअर गेल्या काही वर्षांत प्रत्येकाच्या मोबाइलपर्यंत आली. या दोन गोष्टी एकाच जिल्ह्यात, एकाच पावसाळ्यात दोन डोक्यांत एकत्र आल्या. मला तर आणखी चार कथा तशाच आल्या नाहीत याचं नवल वाटतं.

मोठ्यांच्या बाबतीतही हेच घडलं आहे. पृथ्वीवरून थेट अंतराळात जाणारी लिफ्ट, म्हणजे अंतराळ-उद्वाहक, ही कल्पना घ्या. १९७९ साली दोन कादंबऱ्या जवळजवळ एकाच वेळी आल्या, एक आर्थर क्लार्क यांची आणि दुसरी चार्ल्स शेफील्ड यांची. दोन्हींत मध्यवर्ती कल्पना हीच. दोन्हींचा नायक जगातला मोठ्यात मोठा पूल बांधलेला इंजिनिअर. दोन्हींत ‘स्पायडर’ नावाचं यंत्र. आमच्या पडवीत हे प्रकरण आलं असतं तर पाच मिनिटांत निकाल लागला असता, आणि नवखा म्हणून शेफील्ड यांनी कादंबरी मागे घेतली असती.

क्लार्क यांनी काय केलं? अमेरिकेतल्या विज्ञानकथाकारांच्या संघटनेला खुलं पत्र लिहिलं आणि सांगितलं की हा निव्वळ योगायोग आहे, दोघांनी आपापल्या वाटेने हे लिहिलं आहे. त्यात विलक्षण काही नव्हतं, कारण कल्पना मुळात दोघांचीही नव्हती. रशियाच्या त्सिओल्कोव्स्कीने १८९५ साली आकाशाला भिडणाऱ्या मनोऱ्याचा विचार मांडला होता. युरी आर्तसुतानोव या इंजिनिअरने १९६० मध्ये वरून खाली सोडायच्या दोराची मांडणी एका रशियन वर्तमानपत्रात केली. जेरोम पिअरसन या अमेरिकन इंजिनिअरने १९७५ मध्ये त्याचं गणित एका शास्त्रीय नियतकालिकात छापलं. जमीन तयार होती, पाऊस पडला आणि दोन शेतांत एकदमच उगवलं. क्लार्क यांचं नाव तेव्हा जगभर होतं. ते नुसते गप्प राहिले असते तरी संशय आपोआप शेफील्ड यांच्यावर गेला असता. त्यांनी तो जाऊ दिला नाही. थोरपणा मी याला म्हणतो, आणि आमच्या पडवीत तो आम्हा परीक्षकांनी दाखवायला हवा होता.

‘पहिला कोण’ या प्रश्नाची दुसरी अडचण अशी की, तो जितका उकरावा तितका खाली जातो. काळयंत्र म्हटलं की इंग्रज लेखक एच. जी. वेल्स आणि १८९५ हे उत्तर तोंडपाठ असतं. पण १८८७ मध्ये एन्रिके गास्पार या स्पॅनिश लेखकाने काळात मागे जाणाऱ्या यंत्रावर अख्खी कादंबरी छापली होती. त्याच्याही आधी, १८८१ मध्ये, न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात उलट्या चालणाऱ्या घड्याळामुळे भूतकाळात गेलेल्या माणसांची कथा आली. लेखक एडवर्ड पेज मिचेल. त्याच साली त्याने अदृश्य माणसाचीही कथा लिहिली, वेल्स यांच्या अदृश्य माणसाच्या सोळा वर्षं आधी. मिचेलच्या कथा नाव न घालता छापल्या जात. त्या त्याच्या आहेत हे वाचकांना नीट कळलं ते १९७३ मध्ये, एका अभ्यासकाने जुने अंक चाळून संग्रह काढला तेव्हा. तोवर मिचेलला जाऊन जवळजवळ अर्धं शतक झालं होतं.

मिचेलला त्याचं श्रेय मिळायलाच हवं. पण म्हणून वेल्स यांच्या कादंबरीतलं काय कमी होतं? वर उजेडात बागडणारे नाजूक लोक आणि खाली अंधारात यंत्रं चालवणारे, रात्री वर येऊन त्यांनाच खाणारे लोक, हे चित्र घड्याळाच्या कथेत नाही. मालक आणि मजूर यांच्यातली दरी आठ लाख वर्षं वाढत गेली तर काय होईल, हा वेल्स यांचा प्रश्न होता आणि काळयंत्र हे तिथपर्यंत पोचायचं वाहन. वाहन कोणी आधी बांधलं यावर भांडत बसलं तर ते कुठे नेतं हे बघायचं राहून जातं.

पहिलेपणाचा हट्ट माणसाला खोटं बोलायला कसा लावतो याचं उदाहरण आमच्याच किनाऱ्यावर आहे. ते लिहिताना मला बरं वाटत नाही, कारण विजयदुर्ग माझा लाडका किल्ला आहे. तिथे ‘साहेबाचे ओटे’ म्हणून चौथरे दाखवतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाच्या दिवशी नॉर्मन लॉकयर या इंग्रज शास्त्रज्ञाने इथूनच हेलियम शोधला, असं पर्यटकांना सांगितलं जातं. त्या तारखेला गडावर हेलियम दिवसही साजरा होतो, शाळेची मुलं येतात, भाषणं होतात.

त्या दिवशी लॉकयर इंग्लंडात होते. ग्रहण पाहायला फ्रेंच शास्त्रज्ञ यानसेन आले होते, तेही आंध्रातल्या गुंटूरला. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांच्या वर्णपटातल्या, म्हणजे प्रकाश फोडल्यावर दिसणाऱ्या रंगपट्ट्यातल्या, तेजस्वी रेषा त्यांनी पाहिल्या आणि या रेषा ग्रहण नसतानाही पाहता येतील हे त्यांच्या लक्षात आलं. लॉकयर यांनी तीच गोष्ट स्वतंत्रपणे, ग्रहणाशिवाय, २० ऑक्टोबरला इंग्लंडातून साधली. दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी पोचली. अकादमीने ‘आधी कोण’ यावर वाद घातला नाही. पुढे पदक पाडलं ते दोघांचेही चेहरे असलेलं. त्या वर्णपटातली पिवळी रेषा सोडियमची नाही, कुठल्या तरी अज्ञात मूलद्रव्याची आहे, हे लॉकयर यांनी लावून धरलं. ते मूलद्रव्य म्हणजे हेलियम. पृथ्वीवर हेलियम हाती लागला तो विल्यम रॅम्झी यांना, १८९५ मध्ये.

मग विजयदुर्गाचं काय? लॉकयर विजयदुर्गाला खरोखर आले होते, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, म्हणजे तीस वर्षांनी. ब्रिटिश नौदलाचं जहाज बरोबर होतं, आणि त्यावरच्या खलाशांना शिकवून निरीक्षणाच्या कामाला लावलं होतं. ग्रहणातल्या सूर्याचे वर्णपट त्यांनी इथून टिपले आणि त्यावर रॉयल सोसायटीला अहवाल दिला. वाघोटन खाडीच्या तोंडावरच्या त्या गडावर एका जानेवारीच्या दुपारी काळोख पडला आणि खलाशांनी दुर्बिणी आणि कॅमेरे घेऊन तो मोजला. एवढी देखणी खरी गोष्ट आपल्याजवळ असताना आपण ती पुसून तिच्या जागी तीस वर्षं जुनी, न घडलेली गोष्ट ठेवली. का, तर त्या गोष्टीत ‘पहिला’ हा शब्द होता. गडावर येणाऱ्या मुलांना १८९८ ची हकीकत सांगा, दोन चेहऱ्यांच्या पदकाबद्दल सांगा. हेलियम दिवस खुशाल साजरा करा, तो गुंटूरच्या आणि लंडनच्या नावानेही करा.

मग चोरी असं काही नसतंच का? असतं. आणि तिथे मी तितक्याच जोराने बोलेन.

सत्यजित राय यांनी १९६२ साली ‘संदेश’ मासिकात बंगालच्या एका खेड्यात उतरलेल्या, दुष्ट नसलेल्या परग्रहवासीयाची कथा लिहिली. १९६७ मध्ये त्याच धाग्यावरून ‘द एलियन’ ही पटकथा केली. हॉलिवूडमधली एक कंपनी चित्रपट काढणार होती. मध्यस्थ म्हणून माइक विल्सन नावाचा गृहस्थ होता. राय यांनी नंतर लिहिलेल्या हकिकतीनुसार, अमेरिकेत त्यांना आपल्याच पटकथेच्या चक्रमुद्रित प्रती दिसल्या, आणि त्यांच्यावर स्वामित्वहक्कात त्यांच्या नावासोबत विल्सनचंही नाव होतं. राय यांनी ते नाव घालायला सांगितलं नव्हतं. चित्रपट कधी झालाच नाही. १९८२ मध्ये स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘ई.टी.’ हा परग्रहवासीयाचा चित्रपट आला तेव्हा राय म्हणाले की माझी पटकथा अमेरिकेत फिरली नसती तर हे शक्य झालं नसतं. स्पीलबर्ग यांनी ते नाकारलं.

लोक या प्रकरणात ‘ई.टी.’वरच अडकतात. त्या चित्रपटाचं मी ठामपणे काही म्हणणार नाही. मायाळू परग्रहवासी आणि लहान मूल ही जोडी दोघांना सुचू शकते, गडग्यासारखीच. पण विल्सनचं नाव हा योगायोग नव्हता. कुणीतरी टाइपरायटरसमोर बसून ते नाव टाइप केलं. राय यांच्या रात्रींचं, त्यांच्या कागदांचं, त्यांनी काढलेल्या चित्रांचं श्रम दुसऱ्याच्या खात्यावर मांडलं गेलं. माझा राग तिथे आहे. कल्पना हवेत असते, श्रम हवेत नसतात.

कायद्यालाही हे कळतं, निदान अर्धं. आर. जी. आनंद यांनी आपल्या ‘हम हिंदुस्तानी’ या नाटकावरून ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट चोरला असा दावा केला होता. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. कल्पनेवर, विषयावर, कथाबीजावर कुणाचा स्वामित्वहक्क नसतो, तो मांडणीवर असतो, आणि दोन्ही पाहिलेल्याला ‘ही तर नक्कल’ असं स्वच्छ वाटलं पाहिजे, असा निकाल आहे. मला तो योग्य वाटतो. कल्पनांना मालक मिळाले तर आपल्याकडच्या पोरांना लिहायला काही शिल्लकच राहणार नाही, कारण सगळ्या कल्पनांची सातबारा पैसेवाल्यांच्या नावावर चढेल. पण कायदा ऋण मानायला सांगत नाही. ते शिकायला आम्हाला कोर्टात जायची गरज नाही, गणपतीत शक्ती-तुऱ्याला गेलं तरी पुरे.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. एका बाजूला शक्तीवाले, दुसऱ्या बाजूला तुरेवाले. ढोलकी, झांज, पायात चाळ, गण होतो, गवळण होते, मग सवाल-जवाब रात्रभर रंगतात. शाहीर गवळणीला चाल सिनेमाच्या गाण्याची घेतो, प्रसंग पुराणातला घेतो, कधी सवालातला डाव गुरूकडून आलेला असतो. जवळजवळ सगळंच कुणाकडून तरी आलेलं. तरी त्याला कुणी चोर म्हणत नाही, कारण कवन संपताना तो गुरूचं नाव घेतो, घराण्याचं नाव घेतो आणि मग स्वतःचं. ऐकणाऱ्याला कळतं की यातलं किती कुठलं. तोच शाहीर दुसऱ्याचं अख्खं कवन उचलून शेवटच्या ओळीत फक्त नाव बदलून गायला, तर समोरची बाजू भर मंडपात त्याची वही मागते. मग तोंड दाखवायला जागा उरत नाही. कुणाकडून घेतलं हे सांगितलं तर परंपरा, लपवलं तर चोरी, हा हिशेब आमच्या वाडीतल्या न शिकलेल्या म्हाताऱ्यालाही येतो.

युरोपातला एक लेखक या शाहिरांच्या पंगतीत शोभेल. ‘रोबोट’ हा शब्द जगाला दिला तो कारेल चापेक यांच्या १९२० च्या नाटकाने. श्रेय आयतं त्यांचंच होतं, कुणी विचारलंही नव्हतं. पण १९३३ मध्ये त्यांनी वर्तमानपत्रात लिहून सांगितलं की शब्द माझा नाही, माझ्या भावाचा आहे. योसेफ चित्र रंगवत होता, तोंडात ब्रश होता. कारेलने त्याला सांगितलं, माणसासारखे कृत्रिम कामकरी आहेत, काय नाव द्यावं कळत नाही. तो तसाच पुटपुटला, ‘मग रोबोट म्हण.’ चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे जमीनदाराकडची वेठ, आमच्याकडे खोत कुळांकडून करवून घेत तीच. वेठीचा सगळा इतिहास म्हणजे राबणारा एक आणि नाव दुसऱ्याचं. त्या शब्दाच्या बाबतीत तरी ते घडू नये असं कारेलला वाटलं असेल का, कोण जाणे. भावाचं नाव त्याने सांगितलं एवढं खरं.

मराठीत हा वाद आणखी एका कारणाने बिघडतो. आपण जुनं जपतच नाही. मराठीतली पहिली स्वतंत्र विज्ञानकथा कुठली? कुणी १९०८ ची नाथमाधवांची ‘श्रीनिवासराव’ पुढे करतो, कुणी १९१५ ची श्री. बा. रानडे यांची ‘तारेचे हास्य’. मी कुणाच्याच बाजूने उभा राहणार नाही, कारण त्या काळातली किती मासिकं आज कुठे धड आहेत? कोकणात तर हवाच कागदाची वैरी. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, त्यानंतर पुस्तकांचे आणि अंकांचे लगदे फावड्याने ओढून काढावे लागले. त्या लगद्यात कुणाची कुठली कथा होती, हे आता कोण सांगणार? ज्यांना पहिलेपणाची एवढी आच आहे त्यांनी आधी हे उरलेले अंक स्कॅन करायला पैसे आणि माणसं द्यावीत. आमच्याकडच्या प्रत्येक जुन्या वाचनालयात वाळवीच्या आधी पोचायला हवं.

आणि दुसरी गोष्ट. मोठं नाव असलं की कल्पना आपोआप त्याच्याकडे जाते. आजही एखाद्या मुलीने कृष्णविवरावर कथा लिहिली की ‘हे नारळीकरांनी आधीच लिहिलंय’ म्हणून तिला गप्प करतात. जयंत नारळीकरांनी स्वतः काय केलं होतं? १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवताना त्यांनी नारायण विनायक जगताप हे टोपणनाव घेतलं. नावाच्या वजनाने नव्हे, कथेच्या वजनाने निकाल लागावा म्हणून. पहिलं बक्षीस जगतापांना मिळालं. त्यांचंच नाव घेऊन नव्या मुलांची तोंडं बंद करणं हा त्यांच्यावरच अन्याय आहे.

आमच्या स्पर्धेत नावं परीक्षकांना आधीच कळली होती. ती चूक होती, आणि पडवीत कुणाच्या बाजूने माना हलल्या त्यावरून ती दिसलीही. पुढच्या वर्षी नावं झाकलेली असावीत असं मी वाचनालयाला लिहून दिलं आहे. प्रत्येक कथेसोबत लेखकाने चार ओळी जोडाव्यात, ही कल्पना कशावरून सुचली, काय वाचलं होतं, कुणाशी बोलणं झालं होतं. आणि कुणाला चोरीचा आरोप करायचा असेल तर कल्पना सारखी आहे एवढं पुरणार नाही. कुठला परिच्छेद, कुठलं वाक्य, कुठला प्रसंग उचलला, ते बोट ठेवून दाखवावं लागेल.

आम्ही तसं बोट ठेवायला बसलो असतो तर? त्या दोन कथा मी गेल्या महिन्यात पुन्हा शेजारी ठेवून वाचल्या. बाईंच्या कथेतले आजोबा यंत्रातून खरं बोलतात. गडगा त्यांनीच एका रात्री चार हात पुढे सरकवला होता, हे ते नातवाला सांगून टाकतात, आणि नातू सगळ्या भाऊबंदांसमोर यंत्र चालू करायचं की नाही या विचारात रात्रभर खळ्यात फेऱ्या मारतो. कथा तिथेच संपते, फार सुंदर संपते. त्या मुलाच्या कथेतले आजोबा गडग्याबद्दल एक अक्षर बोलत नाहीत. नातू पुन्हा पुन्हा विचारतो, मोजणीवाले बाहेर ताटकळतात, आणि यंत्रातला आवाज दर वेळी एवढंच विचारतो, ‘बावीला पाणी हाय काय रे?’

एकही वाक्य सारखं नाही. मी दोन्ही कथांच्या प्रती काढून एक बाईंना पाठवली, एक त्याला. बाईंचा त्याच रात्री फोन आला. बराच वेळ त्या विहिरीच्या त्या वाक्याबद्दलच बोलत होत्या, आणि मग त्यांनी त्याचा नंबर मागितला.